भिलाई तीन दिवसांत: पोलादनगरी कशी बघावी आणि आसपास कुठे जावं

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की चार तासांच्या आसपास दुर्ग येतं. तिथून गाडी पुढे निघाली की उजव्या खिडकीत झाडांच्या रांगा, त्यामागे एकसारखी बैठी घरं आणि मग चिमण्या दिसू लागतात. हे भिलाई. महाराष्ट्रातून छत्तीसगडला जाणारी बहुतेक मंडळी हे शहर खिडकीतूनच बघतात आणि रायपूरला उतरतात. त्यात त्यांची फार मोठी चूक आहे असंही नाही, कारण भिलाईत किल्ला नाही, नदीकाठचा घाट नाही. ‘बघण्यासारखं काय?’ असं रिक्षावाल्याला विचारलंत तर तो मैत्री बाग सांगेल आणि गप्प बसेल.

इथे फिरायची रीत वेगळी आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघात इथल्या पोलाद कारखान्यासाठी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं (ब्लास्ट फर्नेसचं) उद्घाटन झालं. चार वर्षांत भातखाचरांच्या जागी कारखाना आणि त्याचं गाव उभं राहिलं. त्यामुळे इथलं सगळं तीन प्रश्नांभोवती फिरतं: माणसं कुठून आली, पाणी कुठून आलं, लोखंड कुठून आलं. पहिल्याचं उत्तर शहरात आहे, उरलेल्या दोघांचं दक्षिणेला बालोद आणि दल्लीराजहऱ्याकडे (बोलताना नुसतं राजहरा). वाटेवर डोंगरगड आणि राजनांदगाव आहेतच. तीन पूर्ण दिवस हाताशी असतील तर हे सगळं दमछाक न होता बसतं. दोनच असतील तर राजहरा सोडा.

स्टेशनाचा घोळ आधी समजून घ्या

तिकीट काढताना हमखास चूक होते ती इथे. पश्चिमेकडून येताना ओळीने दुर्ग, भिलाई नगर, भिलाई पावर हाऊस आणि भिलाई अशी चार स्टेशनं लागतात. नुसतं ‘भिलाई’ लिहिलेलं स्टेशन बघून तिकीट काढलंत तर तुम्ही ‘भिलाई-३’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात उतराल. तिथे मोठं यार्ड आहे, पण टाउनशिप, म्हणजे कारखान्याची आखीव वसाहत, बरीच मागे राहिलेली असते. ‘भिलाई नगर’ टाउनशिपला जवळ आहे, मात्र तिथे मुख्यतः मेमू (कमी पल्ल्याच्या लोकल) आणि मोजक्याच गाड्या थांबतात. म्हणून डोळे झाकून दुर्गचं तिकीट काढावं. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबतात, फलाटाबाहेर रिक्षा मिळतात आणि भिलाईचा सिव्हिक सेंटर (टाउनशिपचा मध्यवर्ती बाजार) अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. तुमच्या गाडीला पावर हाऊसला थांबा असेल तर ते उत्तम, फक्त आरक्षण करताना थांब्यांची यादी उघडून खात्री करा.

मुंबईहून गीतांजली, हावडा मेल आणि शालिमार एक्सप्रेस, पुण्याहून आझाद हिंद, अशा रोजच्या गाड्या आहेत. गीतांजली सकाळी मुंबई सोडते आणि दुर्गला रात्री उशिरा पोचवते, तेव्हा हॉटेलला तसं आधी कळवून ठेवा. नाहीतर बारा वाजता कुलूप आणि आत झोपलेला पोऱ्या, असा प्रसंग येतो. नागपूरकरांसाठी बिलासपूरची वंदे भारत सोयीची आहे. ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि दुर्गला थांबते. कोल्हापूरकडच्या लोकांनी महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियापर्यंत येऊन पुढची गाडी धरायला हरकत नाही, पण मध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. या मार्गावर मालगाड्यांची गर्दी इतकी असते की पॅसेंजर आणि मेमू वाटेत थांबवून ठेवल्या जातात.

विमानाने यायचं तर रायपूरचा माना विमानतळ. तिथून भिलाई साधारण ४५ ते ५० किमी. टॅक्सी ठरवताना ‘भिलाई’ एवढंच न सांगता सेक्टर किंवा सुपेला, नेहरूनगर असं भागाचं नाव सांगा.

राहायला दोन जागा बऱ्या: दुर्ग स्टेशनचा परिसर किंवा सुपेला-नेहरूनगर पट्टा. पहाटेच्या गाड्या आणि डोंगरगड डोक्यात असेल तर दुर्ग. शहर फिरायचं, संध्याकाळी पायी भटकायचं तर सुपेला. टाउनशिपच्या आत कारखान्याची अतिथिगृहं आहेत, पण ती कारखान्याच्या पाहुण्यांसाठी. त्यावर बेत आखू नका.

पहिला दिवस: सेक्टर, सिव्हिक सेंटर आणि मैत्री बाग

नकाशा डोक्यात बसवायचा सोपा उपाय म्हणजे रेल्वेलाइन. लाइनच्या उत्तरेला जीई (ग्रेट ईस्टर्न) रोड, सुपेला, पावर हाऊस, कॅम्प, नंदिनी रोड, जामुल: म्हणजे आपोआप वाढलेलं, गजबजलेलं भिलाई. दक्षिणेला आखलेली टाउनशिप आणि कारखाना. दोन्ही बाजूंना जोडणारे मोजके अंडरब्रिज आणि पूल आहेत. जीई रोडवर आता उड्डाणपूल झालेत. स्वतःची गाडी असेल आणि सुपेल्याला वळायचं असेल तर पुलावर चढू नका, खालच्या रस्त्याने चला. एकदा वर गेलात की पुढे जाऊन वळसा घालून परत यावं लागतं. पावसाळ्यात जोराची सर आली तर अंडरब्रिज टाळून ओव्हरब्रिज धरावा.

सकाळी आठच्या सुमारास सिव्हिक सेंटरपासून सुरुवात करा. टाउनशिपमध्ये एक ते दहा सेक्टर आहेत आणि प्रत्येकाला आपापला बाजार, शाळा, मैदान असं धोरण होतं. एखाद्या सेक्टरमध्ये आतल्या रस्त्यावर शिरा. गल्लीला इथे ‘सडक’ म्हणतात, आणि पत्ता असा असतो: क्वार्टर ५ ब, सडक १२, सेक्टर ७. पाहुणे चुकतात ते नेमकं इथे. सडक क्रमांक प्रत्येक सेक्टरमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे सेक्टर न सांगता ‘सडक १२’ विचारलं की पाच जण पाच दिशांना हात करतात. रस्त्यालगतची झाडं आता घरांपेक्षा उंच झाली आहेत, आणि मूळ साच्यातल्या क्वार्टरना लोकांनी पुढे पत्रा, मागे खोली, कडेला पेरूचं झाड असं जोडत नेलं आहे. सरकारी आखणीवर साठ वर्षांचा संसार कसा चढतो ते बघायला अर्धा तास पुरतो.

माणसं कुठून आली, हे बघायला देवळं गाठा. सेक्टर २ मध्ये अय्यप्पा, सेक्टर ४ मध्ये जगन्नाथ, सेक्टर ५ मध्ये बालाजी, सेक्टर ६ मध्ये कालीबाडी, सेक्टर ९ मध्ये हनुमान. केरळ, ओडिशा, आंध्र, बंगाल: भरती जिथून जिथून झाली तिथले देव मागोमाग आले. ‘मिनी इंडिया’ हा शब्द इथे फार वापरून गुळगुळीत झालाय, पण जगन्नाथाच्या रथयात्रेला आषाढात आलात तर तो खरा वाटतो. ही चार-पाच ठिकाणं रिक्षाने दोन तासांत होतात. सकाळी अकराच्या आत उरका, नंतर बहुतेक ठिकाणी गाभारा बंद होतो आणि संध्याकाळीच उघडतो.

कारखान्याचं काय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. आयत्या वेळी गेटवर जाऊन आत जाता येत नाही. प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. भेट मिळते ती आधी लेखी परवानगी घेऊन, आणि ती प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयं, संस्था अशा गटांना. तुमची संस्था असेल तर कारखान्याच्या जनसंपर्क विभागाकडे लेटरहेडवर अर्ज करा, त्यात नावांची यादी, ओळखपत्रांचे तपशील आणि पर्यायी दोन तारखा द्या. एकच तारीख दिली आणि त्या दिवशी देखभालीचं काम निघालं की अर्ज अडकतो. आत जाताना बंद बूट आणि सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉन, पॉलिएस्टर नको, कारण ठिणगी पडली की ते कापड वितळून अंगाला चिकटतं. सुती कापड फार तर भोक पडून राहतं. फोटोला मनाई असते, मोबाइल गेटवरच ठेवायची तयारी ठेवा.

परवानगी नसली तरी कारखाना काय करतो ते बाहेरूनही दिसतं. भिलाई हे आपल्या रेल्वेच्या रुळांचं गाव. इथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ रोल होतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचे पॅनेल पाठवले जातात. दुर्ग ते भिलाई-३ दरम्यान मेमूमध्ये उजव्या खिडकीशी बसा आणि यार्डाकडे लक्ष ठेवा. मालगाडीच्या उघड्या वाघिणींवर एकामागून एक वाघिणी ओलांडत गेलेले रूळ नशिबात असेल तर दिसतात. गाडी वळणावर आली की ते पोलादाचे रूळ वेताच्या छडीसारखे वाकतात आणि सरळ मार्गावर परत सरळ होतात. इतक्या लांब तुकड्याचा फायदा उघड आहे: जोड कमी म्हणजे खडखड कमी, आणि तडा जायच्या जागाही कमी.

दुपारी जेवण करून तीनच्या पुढे मैत्री बाग. मरोदा भागातलं हे प्राणिसंग्रहालय आणि उद्यान १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून झालं. पांढऱ्या वाघांसाठी ते ओळखलं जातं. सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी येऊन पडलात तर पहिला आणि दुसरा दिवस अदलाबदल करा. ऐन दुपारी गेलात तर वाघ सावलीत पाय ताणून झोपलेला आणि तुम्ही घामाघूम. चारनंतर प्राणी हालचाल करतात. लहान मुलं असतील तर आधी प्राणी, मग खेळगाडी आणि तळं. उलट क्रम ठेवला तर मुलं गाडीवरून उतरत नाहीत.

संध्याकाळी सिव्हिक सेंटर किंवा सुपेल्याच्या बाजारात खाणं. पाणीपुरीला इथे ‘गुपचूप’ म्हणतात, पाणीपुरी मागितलीत तरी समजतात. सकाळच्या न्याहारीला पोहे-जलेबी ही जोडी मागून बघा. आपल्या पोह्यांशी तुलना न करता. तांदळाच्या पिठाचा चिला आणि टोमॅटोची चटणी हे खास छत्तीसगडी, आणि तांदळाचाच फरा मिळाला तर सोडू नका. हा भात खाणारा मुलूख आहे. इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा-कॉफी हा भरवशाचा पर्याय, विशेषतः बरोबर ज्येष्ठ असतील तेव्हा.

दुसरा दिवस: राजनांदगाव आणि डोंगरगड

दुर्गहून डोंगरगड रेल्वेने सुमारे ६० किमी, नागपूरच्या दिशेला. मध्ये राजनांदगाव. पहाटेची गाडी पकडून आधी डोंगरगड करा आणि परतताना राजनांदगावला उतरा. उलट केलं तर ऐन बारा वाजता डोंगर चढायची वेळ येते.

बम्लेश्वरी देवीचं मुख्य देऊळ सुमारे १,६०० फूट उंचीच्या डोंगरावर आहे. पायऱ्या हजारावर. रोज चालणाऱ्याला पाऊण तास, बाकीच्यांना सव्वा तास धरा. गुडघे दुखतात ते चढताना नव्हे, उतरताना; काठी किंवा कठड्याचा आधार घेत तिरकं उतरा. रोप-वे आहे, पण देखभालीसाठी तो अधूनमधून बंद असतो, आणि सुट्टीच्या दिवशी रांग इतकी होते की चढून गेलेले लोक आधी दर्शन घेऊन येतात. म्हणून स्टेशनवर उतरताच ‘रोप-वे चालू है क्या’ हे आधी विचारा आणि ज्येष्ठांसाठी दुसरा मार्ग मनात ठेवा: पायथ्याशी छोटी बम्लेश्वरी आहे, तिथे दर्शन घेऊन थांबता येतं. समोरच्या टेकडीवर प्रज्ञागिरीची बुद्धमूर्ती दिसते. पाय शिल्लक असतील तर तिथून डोंगरगडचा तलाव आणि मुख्य डोंगर एका नजरेत येतो.

चैत्र आणि आश्विन नवरात्रात इथे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. श्रद्धेने जाणाऱ्याला आम्ही काय सांगणार! पण मग त्या दिवसांची तयारी वेगळी. दुर्ग, भिलाई, राजनांदगावहून हजारो लोक रात्रभर जीई रोडने पायी चालत जातात. रस्त्याच्या कडेला मंडप, पाणी, चहा असतो, आणि गाडीवाल्यांसाठी तो मार्ग अंधारात धोक्याचा होतो. या नऊ दिवसांत रात्री गाडी चालवू नका, रेल्वेच बरी. तीसुद्धा उभ्याने.

राजनांदगावला मराठी वाचकाने उतरावंच. दिग्विजय महाविद्यालय हे तिथल्या संस्थानिकांच्या जुन्या राजवाड्यात भरतं, आजूबाजूला तळी आहेत. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून इथे शिकवत होते आणि या आवारातच राहत. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. गजानन मुक्तिबोधांच्या राहत्या जागेत आता स्मारक-संग्रहालय आहे. तिथला चक्री जिना बघा, त्यांच्या कवितेत अशा जिन्यांची आणि अंधाऱ्या खोल्यांची फार ये-जा आहे. सुट्टीच्या दिवशी आवार बंद मिळू शकतं, म्हणून हा दिवस कामकाजाचा निवडा.

तिसरा दिवस: पाणी आणि लोखंड

हा दिवस गाडी ठरवून करावा. दुर्गहून दक्षिणेला बालोद ६० किमीच्या आसपास, तिथून दल्लीराजहरा २५ किमीच्या आसपास. टॅक्सीवाले बाहेरगावच्या फेरीला रोजचे किमान किलोमीटर लावतात, चालकाचा भत्ता वेगळा असतो. दोन्ही निघण्याआधी तोंडी नव्हे, संदेशावर लिहून घ्या. दुर्ग-मरोदा-गुंडरदेही-बालोद-दल्लीराजहरा अशी रेल्वेही आहे आणि तोच खरा कारखान्याचा लोहमार्ग, पण प्रवासी गाड्या मोजक्या. जाताना रेल्वे आणि येताना बस असा मेळ जमवणाऱ्याला वेळापत्रकाची शिस्त लागते.

पहिला थांबा बालोदजवळचं तांदुळा धरण. तांदुळा आणि सुखा या दोन प्रवाहांच्या संगमावर ते इंग्रजी अमदानीत बांधलं, १९२१ मध्ये पुरं झालं. ते भातशेतीसाठी होतं. पुढे कारखाना आला तेव्हा याच कालव्याचं पाणी मरोद्याच्या तलावापर्यंत जाऊ लागलं. काल ज्या मैत्री बागेत फिरलात, तिच्या शेजारच्या तळ्याचं मूळ इथे आहे. मातीच्या बांधावरून लांबवर पाणी दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरलेलं असतं, मेमध्ये काठ उघडे पडतात. सावली कमी आहे, टोपी आणि प्यायचं पाणी बरोबर ठेवा. पाण्यात उतरू नका, बांधाचा उतार शेवाळाने निसरडा असतो. पावसाळ्यात आलात तर बालोदपासून सियादेवीचा धबधबा जोडता येतो. उन्हाळ्यात तिथे नुसते दगड.

दल्लीराजहऱ्याकडे जाताना माती बदलते. आधी पिवळी, मग तांबूस, शेवटी गेरूसारखी लाल. झाडांची पानं, विजेचे खांब, घरांच्या भिंती, सगळ्यावर तोच थर. खाणीत प्रवेश नाही, आणि खाणीच्या रस्त्यावर डंपरांच्या मध्ये गाडी घालायचं धाडस करू नका. बाहेरून पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर दिसतो तेवढा पुरे. इथलं हेमॅटाइट हे लोहखनिज भिलाईच्या भट्ट्यांना जातं, चुनखडी नंदिनीहून येते. राजहऱ्याचे साठे संपत चालले म्हणून रेल्वे पुढे रावघाटाकडे नेण्याचं काम चालू झालं आणि गाडी २०२३ मध्ये अंतागडच्या पुढे ताडोकीपर्यंत गेली.

गावात शहीद हॉस्पिटल आहे. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या खाण-कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून ते उभं केलं, १९८३ पासून चालू आहे. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. हे चालतं रुग्णालय आहे, तेव्हा बाहेरून बघा, आत जाऊन फोटो काढत फिरू नका. त्या दिवशी, २८ सप्टेंबरला, राजहऱ्यात कामगारांची गर्दी असते हे लक्षात ठेवा.

कपड्यांबद्दल एक सूचना: या दिवशी पांढरं घालू नका. लाल धूळ गरम पाण्यात टाकली की डाग पक्का बसतो. आधी कोरडे कपडे झटका, मग थंड पाण्यात भिजवा. अंधार पडायच्या आत बालोद ओलांडा, कारण परतीच्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात.

ऋतू आणि बाकीचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि तेव्हा दुपारी बारा ते चार नुसतं बसून काढावं लागतं. पोळ्याच्या सुमारास आलात तर इथेही बैलांचा सण दिसेल. त्याला ‘पोरा’ म्हणतात आणि मुलं मातीचे, चाकांवरचे नंदी ओढत फिरतात. चौथा दिवस असेल तर रायपूरपलीकडे महानदीकाठचं सिरपूर, सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर. रायपूरहून ते ८० किमीच्या आसपास आहे. एका दिवसात सिरपूर आणि रायपूरचं संग्रहालय दोन्ही करू नये, दोन्ही अर्धवट होतात.

जाताना देवबलोदा

परतीचं विमान किंवा गाडी रायपूरहून असेल तर वाटेत देवबलोदा करा. मेमूला ‘देवबलोदा चरोदा’ नावाचा थांबा आहे, मोठ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. सामान मोठं असेल तर रिक्षा किंवा टॅक्सी बरी. कलचुरी काळातलं, तेराव्या शतकाच्या सुमाराचं हे शिवमंदिर लांबून पटकन दिसत नाही, कारण त्याला पूर्ण शिखर नाही. लोक त्यामागे कथा सांगतात: शिल्पकार विवस्त्र होऊन काम करी, एके दिवशी बायकोऐवजी बहीण भाकरी घेऊन आली, लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली आणि शिखर राहिलं ते राहिलंच. कुंड अजून मंदिराला लागून आहे.

बाहेरच्या भिंतींवरचे पट्टे प्रदक्षिणेच्या दिशेने बघत चला. डोळ्यांच्या पातळीवर थांबू नका, अगदी खालच्या थरात बसून बघावं अशी कोरीव कामं आहेत. सकाळी नऊच्या आत गेलात तर ऊन तिरकं पडतं आणि कोरीव रेषा उठून दिसतात. दुपारी तोच दगड सपाट वाटतो. अर्धा ते पाऊण तास पुरे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, त्या दिवशी मात्र हातातली गाडी चुकू शकते.